गरोदरपणातली दारू आणि बाळाचे डोळे: विचारायचं कसं, मोजायचं काय, दाखवायचं कुठे

तिरळा डोळा घेऊन चार वर्षांचं पोर तपासायला येतं. चष्म्याचा नंबर काढला जातो, थेंब घालून डोळ्याच्या आतला पडदा बघितला जातो, घराण्यात कुणाला लहानपणापासून चष्मा आहे का तेही विचारलं जातं. आईनं पोटुशी असताना दारू घेतली होती का, हा प्रश्न मात्र राहून जातो. आपल्याकडची बाई पीतच नाही, असं धरून सगळे चालतात. ऊसतोडीच्या फडावर अंगदुखी उतरावी म्हणून, जत्रेच्या मटणाच्या जेवणात वहिनी-जावांच्या घोळक्यात, सांगली-साताऱ्यातल्या फ्लॅटमध्ये वाढदिवसाला काय चालतं, हे ज्याला-त्याला ठाऊक असतं. ते कागदावर येत नाही, एवढंच.

म्हणून हे टिपण आशाताई, अंगणवाडीताई, सिस्टर आणि घरच्या माणसांसाठी आहे. काम तसं तीनच टप्प्यांचं: खरं उत्तर काढायचं, ते माता-बाल संरक्षण कार्डावर उतरवायचं, आणि ते कार्ड डोळ्यांच्या डॉक्टरच्या टेबलापर्यंत न्यायचं. अडतं ते बहुतेक वेळा मधल्या टप्प्यावर.

पोटात नेमकं काय होतं

दारूतला मद्यार्क वारेतून सरळ पलीकडे जातो, वार त्याला अडवत नाही. तासाभरात बाळाच्या रक्तातलं प्रमाण आईच्या रक्ताच्या जवळपास येतं. आईचं यकृत तासाला साधारण 7 ते 10 ग्रॅम मद्यार्क निकाली काढतं. बाळाच्या कोवळ्या यकृताला ते जमत नाही. बाळ लघवीतून जे बाहेर टाकतं ते गर्भजलात साठतं आणि बाळ तेच पुन्हा गिळतं. आईची उतरली तरी बाळाची उतरायला वेळ लागतो तो यामुळे.

फ्रान्समध्ये लमवान यांनी 1968 मध्ये अशा मुलांचं वर्णन केलं. 1973 मध्ये अमेरिकेत जोन्स आणि स्मिथ यांनी त्याला फीटल अल्कोहोल सिंड्रोम, म्हणजे एफएएस, हे नाव दिलं. पुढं लक्षात आलं की चेहऱ्यावर काहीच न दिसणारी, पण मेंदूवर परिणाम झालेली मुलं कितीतरी जास्त आहेत. या सगळ्या प्रकारांना मिळून एफएएसडी, म्हणजे फीटल अल्कोहोल स्पेक्ट्रम डिसऑर्डर, म्हणतात. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक अंदाजानुसार हजारी सुमारे 7.7 मुलांना एफएएसडी असतो, आणि गरोदरपणात दारू घेतलेल्या दर 13 बायकांमागे एकीच्या बाळाला तो होतो. तेरातली ती एक कोण, हे आधी सांगता येत नाही. शेजारणीनं घेतली आणि तिचं पोर ठणठणीत आहे, हे खरं असू शकतं. आपल्या बाळाबद्दल त्यातून काही ठरत नाही.

आता आठवड्यांचा हिशोब, कारण इथं हमखास गोंधळ होतो. कार्डावरचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात आणि गर्भ राहतो तो साधारण दोन आठवड्यांनी. डोळ्यांची पहिली खूण, मेंदूच्या दोन बाजूंना पडणाऱ्या बारीक खाचा, गर्भ राहिल्यापासून सुमारे 22 व्या दिवशी दिसते. कार्डाच्या भाषेत तेव्हा सहावा आठवडा नुकताच लागलेला असतो, म्हणजे पाळी चुकून जेमतेम आठवडा झालेला. चेहऱ्याची ठेवण बिघडवणारा काळ तर त्याच्याही आधीचा, गर्भ राहिल्यानंतरच्या तिसऱ्या आठवड्यातला. बाई तेव्हा ‘पुढं-मागं होते कधीकधी’ म्हणून गप्प असते. डोळ्याच्या पेल्यातली फट कार्डाच्या नवव्या आठवड्याच्या आसपास मिटते. ती नीट मिटली नाही तर बुबुळात किंवा पडद्यात खाच राहते, त्याला कोलोबोमा म्हणतात. त्यानंतर दृष्टीची नस भरत जाते. मोठ्या माणसाच्या या नसेत 10 ते 12 लाख धागे असतात. हे धागे ज्या पेशींपासून निघतात, त्या पेशीच दारूनं मरतात. मेंदू तर शेवटच्या दिवसापर्यंत वाढत असतो. त्यामुळं ‘पहिले तीन महिने गेले, आता चालतंय’ हे जितकं चूक, तितकंच ‘आधीच घेतली, आता सोडून काय उपयोग’ हेही चूक. ज्या दिवशी थांबाल त्या दिवसापासूनचं नुकसान वाचतं.

पाळी चार-पाच दिवस जरी पुढं गेली तरी आशाताईंकडचं ‘निश्चय’ किट वापरून बघावं, आणि मूल हवं म्हणून थांबलेल्या बाईनं पाळी चुकायच्या आधीपासूनच दारू बंद ठेवावी, ते यासाठी.

ग्लासात किती, हे काढायची रीत

‘थोडीशी’ या शब्दाला माप नाही. बाटलीवर मद्यार्काचा टक्का छापलेला असतो. मिलिलीटर गुणिले टक्के भागिले 100, त्याला 0.79 नं गुणलं की ग्रॅम निघतात. 42.8 टक्क्यांच्या व्हिस्की-रमचा 30 मिलिचा छोटा पेग म्हणजे 10 ग्रॅम, मोठा पेग 20, क्वार्टर म्हणजे 180 मिलि सुमारे 61 ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना एका बैठकीत 60 ग्रॅमच्या पुढं गेलं की अतिमद्यपान म्हणते. एक क्वार्टर ती रेषा ओलांडते. बिअरला लोक दारू समजत नाहीत, तिचा हिशोब बघा: 650 मिलिची 5 टक्क्यांची बाटली 26 ग्रॅम, 8 टक्क्यांची स्ट्राँग 41 ग्रॅम. म्हणजे एक स्ट्राँग बिअर दोन मोठ्या पेगांइतकी. वाईनचा 150 मिलिचा ग्लास 12 टक्क्यांनी 14 ग्रॅम. पलूसला वाईन पार्क आहे, तासगावचं द्राक्ष घरातलंच वाटतं, म्हणून ‘द्राक्षाचाच रस आहे’ हे वाक्य आपल्या भागात जरा जास्तच ऐकू येतं. द्राक्षं खावीत, बेदाणे खावेत. वाईनमधला मद्यार्क मात्र रममधल्यासारखाच.

हातभट्टीला हा हिशोब लागू पडत नाही, कारण टक्का कुणालाच माहीत नसतो. शिवाय तिच्यात मिथेनॉल असेल तर धोका वेगळाच आहे. मिथेनॉलपासून शरीरात फॉर्मिक आम्ल तयार होतं आणि ते पिणाऱ्याचीच दृष्टीची नस जाळतं. हातभट्टी प्यायल्यावर धूसर किंवा पांढरं-पांढरं दिसायला लागलं, पोटात दुखून उलट्या व्हायला लागल्या, तर सकाळची वाट न बघता 108 बोलवा.

बाळासाठी सुरक्षित असं कुठलंही प्रमाण ठरलेलं नाही. मग हे मोजमाप कशाला? एकदाच अर्धा ग्लास घेतलेल्या बाईला उगाच घाबरवू नये, आणि रोज क्वार्टर घेणाऱ्या बाईला नुसता सल्ला देऊन घरी पाठवू नये, यासाठी. कमी वेळात जास्त पिणं आणि रोज पिणं, हे दोन प्रकार सगळ्यात घातक.

आसव-अरिष्टांचाही विचार करा. अशोकारिष्ट, दशमूलारिष्ट, कुमारीआसव यांत आंबवताना मद्यार्क आपोआप तयार होतो. लेबलवर तो लिहिलेला असतो. 10 टक्के धरला तर 30 मिलि दोनदा घेतल्यावर दिवसाला 5 ग्रॅमच्या आत-बाहेर, म्हणजे छोट्या पेगच्या निम्मा. प्रमाण लहान आहे, घेतलं गेलं म्हणून रडत बसायचं कारण नाही. पण पाळी येत नाही म्हणून कुमारीआसव सुरू करणाऱ्या बाईची पाळी गर्भ राहिल्यानंच चुकलेली असू शकते. आधी किट, मग औषध. खोकल्याच्या काही औषधांतही मद्यार्क असतो, तेव्हा बाटली फिरवून बघायची सवय लावून घ्या.

विचारायचं कसं

सासू दारात उभी असताना ‘दारू पिता का?’ असं विचारलं तर उत्तर ‘नाही’ असंच येणार. वजन घ्यायच्या निमित्तानं आत घ्या, नवरा-सासू बाहेर. प्रश्न सगळ्यांना विचारतोय हे आधी सांगा आणि खरोखरच सगळ्यांना विचारा, डॉक्टरीणबाईंच्या सुनेलासुद्धा. फक्त फडावरच्या बायकांनाच विचारलं तर तो प्रश्न राहत नाही, शिक्का होतो.

शब्द असे चालतात: ‘ताई, हे मी प्रत्येकीला विचारते, कार्डात लिहावं लागतं. दिवस राहिल्याचं कळायच्या आधी, जत्रेत, लग्नात, कामाच्या शिणानं, कधी बिअर, वाईन, देशी, काही घेण्यात आलं होतं का?’ आधीच्या काळाबद्दल विचारलं की बाई मोकळी होते, कारण तेव्हा तिला माहीत नव्हतं ही तिची बाजू त्यातच येते. मग ‘किती वेळा?’, ‘एका वेळी किती, ग्लास की बाटली?’, ‘शेवटचं कधी?’ तारीख आठवत नसेल तर सणानं विचारा: दिवाळीच्या आधी की नंतर, गावच्या जत्रेला, कारखान्याचा पट्टा पडायच्या, म्हणजे हंगाम संपायच्या, आधी.

हो म्हणाली तर आणखी चार प्रश्न. चढायला किती लागते? दोन ग्लासांपेक्षा जास्त लागत असेल तर 2 गुण. कुणी पिण्यावरून बोललं की राग येतो का? कमी करावी असं वाटलंय का? सकाळी उठल्या-उठल्या घ्यावी लागते का? या तिघांना प्रत्येकी 1. बेरीज 2 किंवा जास्त झाली की केवळ समजावण्यावर भागवू नका, डॉक्टरांकडे पाठवा. ही टी-एस (T-ACE) नावाची पद्धत गरोदर बायकांसाठीच बनवलेली आहे.

मिश्रीचाही प्रश्न याच दमात विचारा. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, आणि वजन कमी भरलेल्या बाळामागे ती असू शकते. दोन्ही असतील तर दोन्ही लिहा.

कार्डावर ‘व्यसन: आहे’ असं लिहू नका. ते कार्ड घरभर फिरतं. शेवटच्या पाळीची तारीख, कुठल्या आठवड्यात, काय, साधारण किती ग्रॅम, एवढं डॉक्टरांच्या नोंदीच्या पानावर बारीक अक्षरात. शेरा नको. बाईला विचारून लिहा आणि का लिहितोय ते सांगा: बाळाच्या डोळ्यांच्या तपासणीला हे लागणार आहे. फडावरची बाई मार्चात बीडकडं परत जाते, तिथल्या सिस्टरला तुमचा फोन लागत नाही. कार्ड तेवढं तिच्याबरोबर जातं. पाल मोडताना ते पिशवीत आहे ना, हे एकदा बघून घ्या.

थांबवताना

अधूनमधून घेणाऱ्या बाईनं आजपासून बंद केली की झालं, औषध लागत नाही. रोज घेणारीचं तसं नाही. तिला घरात कोंडून एकदम तोडली तर 6 ते 24 तासांत हात थरथरणं, घाम, झोप उडणं सुरू होतं. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी भ्रम. यात आई आणि बाळ दोघांच्याही जिवाला धोका आहे. अशा बाईला दाखल करूनच दारू सोडवायची. तिथं झटके टाळणारी औषधं मोजून देतात, आणि थायमिन, म्हणजे बी-1 जीवनसत्त्व, लवकर सुरू करतात.

जेवणात गुपचूप मिसळायच्या ‘दारू सोडवण्याच्या’ पुड्यांचा इथं विषयसुद्धा काढू नका. त्यांत डायसल्फिरॅम असेल तर त्यावर दारू पोटात गेली की रक्तदाब कोसळतो. गरोदरपणात ते औषध देत नाहीत.

साताऱ्यात व्यसनमुक्तीचं काम करणारी परिवर्तन संस्था आहे, डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी ती उभी केली. फोनवर बोलायचं असेल तर टेलिमानस, म्हणजे मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, 14416 आणि व्यसनमुक्तीसाठी 14446. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टरांकडून तपासणी होते, तो दिवस धरून बाईला न्या. लोह-फॉलिक आम्लाची गोळी रोज चालू ठेवा. तिनं दारूचं नुकसान भरून निघत नाही, पण रक्तक्षय आणि दारू एकत्र नांदू देऊ नयेत.

नवऱ्यालाही समोर बसवा. एफएएसडी होतो तो आईच्या पोटात गेलेल्या दारूमुळे. बापाच्या पिण्यानं हे निदान होत नाही. पण घरात बाटली रोज उभी असेल तर बाईनं एकटीनं ती आडवी करायची, ही अपेक्षा फुकाची आहे.

जन्मल्यावर: टेप आणि पट्टी

न ताणणारा टेप घ्या. शिंप्याचा जुना कापडी टेप ताणला जातो आणि अर्धा सेंटिमीटर खातो. भुवयांच्या वर, कानांच्या वरून, मागं डोकं जिथं सगळ्यात फुगीर आहे तिथून. तीनदा मोजून सगळ्यात मोठं माप लिहा. पूर्ण दिवसांच्या मुलाच्या डोक्याचा घेर सरासरी 34.5 सेंमी, मुलीचा 33.9. मुलाचा 31.9 आणि मुलीचा 31.5 च्या खाली असेल तर डॉक्टरांना दाखवा. वर्षाच्या मुलाला ही खालची रेषा 43.5 आणि मुलीला 42.2. प्रसूतीत डोकं दबलेलं असलं तर दोन-तीन दिवसांनी पुन्हा मोजा.

चेहऱ्यावर तीन खुणा बघतात. डोळ्याच्या फटीची लांबी कमी, म्हणजे आतल्या कोपऱ्यापासून बाहेरच्या कोपऱ्यापर्यंतचं अंतर. नाक आणि वरचा ओठ यांमधली पन्हळ सपाट. आणि वरच्या ओठाचा लाल भाग बारीक. फटीची लांबी पारदर्शक पट्टीनं मोजायची असते, पट्टी डोळ्याच्या अगदी जवळ धरून, पण पापणीला न टेकवता, मूल समोर बघत असताना. ओठ आणि पन्हळीला 1 ते 5 असे गुण देणारा फोटोंचा तक्ता असतो. 4 किंवा 5 आले तरच ती खूण धरतात. मूल हसत असेल तर ओठ ताणून पातळ दिसतो, मग मोजणी फुकट.

पण चेहऱ्यावरून निकाल देऊन मोकळं होऊ नका. बसकं नाक आणि डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावरची कातडीची घडी कितीतरी निरोगी तान्ह्या मुलांत असते. उलट चेहरा अगदी छान, आणि मेंदू-डोळ्यांना त्रास, हेच जास्त वेळा घडतं. रक्ताची कुठलीही चाचणी मुलात एफएएसडी पक्का करून देत नाही. जनुकांच्या चाचण्या करतात त्या तशाच दिसणारे दुसरे आजार वगळण्यासाठी. निदान उभं राहतं ते वाढ, चेहरा, मेंदूचं काम आणि आईकडून मिळालेली माहिती यांवर. हृदयाच्या पडद्याला छिद्र, मूत्रपिंडं, कान, टाळू हेही एकदा तपासून घ्यावं लागतं.

डोळे: कधी, काय

कार्डावर दारूची नोंद असेल तर मूल बरं दिसत असलं तरी डोळ्यांची तपासणी ठरवूनच टाका.

जन्मल्यावर आणि पुन्हा पहिल्या दीड-दोन महिन्यांच्या लसीच्या वेळी लाल चमक बघायची. अंधाऱ्या खोलीत ऑप्थाल्मोस्कोपचा उजेड दोन्ही बाहुल्यांवर टाकला की दोन्हीकडं सारखी लालसर चमक हवी. एकीकडं पांढरट, काळपट किंवा फिकी असेल तर मोतीबिंदू किंवा पडद्याचा आजार असू शकतो आणि त्यात आठवडाही घालवायचा नाही. दाट जन्मजात मोतीबिंदू पहिल्या दीड-दोन महिन्यांत काढावा लागतो, नाहीतर मेंदू बघायला शिकतच नाही. घरी मोबाइलच्या फ्लॅशनं काढलेल्या फोटोत एक बाहुली सतत पांढरी येत असेल तर तो फोटो डॉक्टरांना दाखवा.

दारूच्या संपर्कातली बाळं बऱ्याचदा अपुऱ्या दिवसांची आणि कमी वजनाची असतात. 34 आठवड्यांच्या आत जन्मलेलं किंवा 2 किलोपेक्षा कमी वजनाचं बाळ असेल तर पडद्याची आरओपी तपासणी (आरओपी म्हणजे अपुऱ्या दिवसांच्या बाळांत होणारा पडद्याचा आजार) जन्मापासून 30 दिवसांच्या आत हवी. 28 आठवड्यांच्या आतलं किंवा 1200 ग्रॅमपेक्षा हलकं बाळ असेल तर दोन-तीन आठवड्यांतच. काचेच्या पेटीतून बाळ घरी आलं, सव्वा महिना बाहेर काढायचं नाही, या रिवाजात ही तारीख हुकते. बारशाच्या आधी पडदा.

तीन महिन्यांच्या बाळानं आईच्या चेहऱ्यावर नजर ठेवायला आणि हलत्या वस्तूमागं डोळे फिरवायला हवेत. ते होत नसेल, किंवा बुबुळं झोपाळ्यासारखी सतत हलत असतील, तर दृष्टीची नस बारीक राहिलेली असू शकते. एफएएसच्या मुलांच्या डोळ्यांवर स्वीडनच्या नेत्रतज्ज्ञ केर्स्टिन स्ट्रॉमलँड यांनी बरंच काम केलं आहे. त्यांच्या तपासण्यांत नस बारीक असणं आणि पडद्याच्या रक्तवाहिन्या नागमोडी असणं या खुणा वारंवार आढळल्या. नागमोडी वाहिन्यांनी दृष्टी जात नाही, त्या फक्त खूण सांगतात. बारीक नसेनं मात्र दृष्टी किंचित कमी होण्यापासून अंधत्वापर्यंत काहीही होऊ शकतं. नसेला औषध नाही. ‘नस वाढवायचे’ थेंब किंवा पुड्या कुणी विकत असेल तर पैसे घालवू नका. नस बारीक निघाली तर मेंदूचा एमआरआय आणि संप्रेरकांची तपासणी होते, कारण काहींत वाढीचं संप्रेरक कमी असतं आणि रक्तातली साखर एकदम उतरते.

चार महिन्यांपर्यंत डोळा अधूनमधून वळला तर चालतं, नंतर नाही. ‘थोडा तिरळा म्हणजे लक्ष्मी’ असं म्हणून पाच वर्षं थांबणारी घरं अजून आहेत. खरा तिरळेपणा की नुसता भास, हे बघायची सोपी रीत: हातभर लांबून टॉर्च दाखवा. उजेडाचा ठिपका दोन्ही बाहुल्यांत एकाच जागी पडला तर बहुधा भास आहे, आतल्या कोपऱ्यावरच्या घडीमुळं डोळा आत वळल्यासारखा दिसतोय. एकीकडं मध्यावर आणि दुसरीकडं कडेला पडला तर तिरळेपणा. एक-एक डोळा हातानं झाकूनही बघा. एक झाकला की मूल शांत आणि दुसरा झाकला की रडून हात ढकलतं, तर दुसऱ्यावरच त्याची सगळी भिस्त आहे.

वर्षाच्या आत एकदा, नंतर तिसऱ्या वर्षी आणि शाळेत घालताना, थेंब घालून नंबर काढायचा. एवढ्या लहान मुलाचा नंबर थेंबाशिवाय काढला तर तो फसवा येतो, कारण मूल डोळ्यातलं भिंग आवळून धरतं. मशीनवरची चिठ्ठी घेऊन चष्मा करून टाकणं ही इथली नेहमीची चूक. थेंबांऐवजी अ‍ॅट्रोपिन मलम दिलं तर ते सहसा तीन दिवस आधीपासून घालतात; घातल्यावर नाकाजवळचा कोपरा मिनिटभर दाबून ठेवा. अंग लाल, तोंड कोरडं, ताप, असं झालं तर पुढचा डोस थांबवून दवाखान्यात फोन करा. बाहुली आठ-दहा दिवस मोठी राहते, मूल उन्हाला डोळे मिटतं. घाबरायचं कारण नाही.

पडद्याची तपासणी याच वेळी होते. तुमच्या हातातलं कार्ड इथं पुढं करा आणि स्पष्ट बोला: ‘गरोदरपणात अमुक आठवड्यात दारूचा संपर्क होता, दृष्टीच्या नसेचा आकार बघाल का?’ सौम्य बारीक नस घाईत बघितली तर सुटते. कुणी सांगितलं की डॉक्टर आकार मोजून बघतात.

चष्मा आणि पट्टी निभवायचं तंत्र

नस सुधारत नसली तरी तिच्या जोडीला आलेला आळशी डोळा, म्हणजे मेंदूनं वापरायचा सोडून दिलेला डोळा, सुधारतो, आणि खरी कमाई तिथंच आहे. सात वर्षांच्या आत सुरू केलं तर फळ चांगलं येतं.

मुलाचं नाक बसकं असेल तर बाजारातली फ्रेम घसरून ओठावर येते आणि मूल भिंगाच्या वरून बघतं. नाकावर सिलिकॉनची गादी असलेली, मागं पट्ट्यानं बांधता येणारी फ्रेम घ्या; भिंग पॉलिकार्बोनेटचं, काचेचं नको. पापणी पडलेली असेल आणि बाहुली झाकत असेल तर चष्म्यानं भागणार नाही, शस्त्रक्रियेचं विचारा.

डोळा झाकायची पट्टी चांगल्या डोळ्यावर, कातडीला चिकटवून. चष्म्यावर कागद लावला की मूल कडेनं बघतं. मध्यम आळशी डोळ्याला रोज 2 तास, जास्त असेल तर 6 तास, असा साधारण हिशोब. तुमच्या मुलाचा आकडा डॉक्टर देतील. तपासणी दीड-दोन महिन्यांनी न चुकता, कारण तान्ह्या मुलाला जास्त वेळ पट्टी राहिली तर चांगला डोळाच आळशी होतो. एफएएसडीच्या मुलांना कातडीवरचा स्पर्श खुपतो, पट्टी पाच मिनिटांत फाडतात. पहिला आठवडा दिवसातून चारदा पंधरा-पंधरा मिनिटं, तीही जेवताना आणि आवडीच्या कामात. धान्यातले खडे निवडणं, मणी ओवणं यानं डोळ्याला कामही मिळतं. मणी नाकात-तोंडात घालायचं वय असेल तर मोठे लाडू वळायला द्या, पिठाचे.

शाळेत

नंबर नीट, पट्टी झाली, तरी मूल फळ्यावरचं उतरवताना ओळ चुकतं, पायऱ्या उतरताना अडखळतं, गर्दीत आई दिसत नाही. हे डोळ्याचं नाही, दिसलेलं समजून घेणाऱ्या मेंदूचं काम आहे. पहिल्या बाकावर, खिडकीकडं पाठ करून बसवा. पोस्टकार्डाला एक ओळ दिसेल एवढी फट कापून ती वाचताना पानावर सरकवायची. पानावर दोनच गणितं, चित्रांची गर्दी नको. पायरीच्या कडेला पिवळा रंग.

काल पाठ होतं ते आज कोरं, हे या मुलांत नेहमीचं. पैसे, वेळ, आकडे यांचा अंदाज येत नाही. एका दमात तीन कामं सांगितली तर पहिलं होतं, उरलेली दोन विसरली जातात. गुरुजी त्याला हट्टी म्हणतात, घरी मार बसतो. मारानं स्मरणशक्ती येत नाही. एका वेळी एकच सूचना, रोज त्याच क्रमानं, शक्यतो चित्र दाखवून. बुद्ध्यंकाची चाचणी बरी आली तरी ही अडचण राहते, म्हणून नुसत्या बुद्ध्यंकावर ‘काही नाही’ असा शेरा घेऊन परत येऊ नका.

कुठं जायचं

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. त्या दिवशी मूल घरी ठेवू नका, आणि कार्ड बरोबर द्या. पथक पुढं शीघ्र हस्तक्षेप केंद्राला चिठ्ठी देतं. तिथं डोळे, कान, बोलणं, वागणं एकाच छताखाली बघतात. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील सामान्य रुग्णालय, सांगलीत वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय, मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय. माण-खटाव किंवा जत-आटपाडीहून जायचं तर दिवस मोडतो, म्हणून नेत्र आणि बालरोग या दोन्ही ओपीडीचे वार आधी फोन करून जुळवा, आणि थेंब घालणार हे धरून परतीच्या एसटीची वेळ ठेवा. दृष्टी किंवा बुद्धी यांत कायमची कमतरता ठरली तर यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रासाठी, अर्ज करा. दिव्यांगांच्या हक्कांच्या 2016 च्या कायद्यातल्या 21 प्रकारांत अल्पदृष्टी, बौद्धिक अक्षमता आणि अध्ययन अक्षमता तिन्ही येतात.

आईसमोर बोलताना ‘तुझ्यामुळं’ हा शब्द तोंडातून जाऊ देऊ नका. तो ऐकलेली बाई पुढच्या तपासणीला येत नाही, आणि नुकसान पोराचं होतं. तिला पुन्हा दिवस राहण्याआधी दारूचं काय ते ठरायला हवं, तोवर पाळणा लांबवायचं साधन द्या. आणि घरात मोठी भावंडं असतील, त्यातलं एखादं शाळेत ‘मंद’ म्हणून मागच्या बाकावर बसत असेल, तर याच फेरीत त्याचाही पडदा तपासून घ्या.